गिरणीचा हिशेब, दुकानाचा हिशेब

तुमसरहून कटंगीकडे जाताना नाकाडोंगरी लागते. जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॉयलच्या मॅंगनीज खाणी, थोडं पुढे मध्य प्रदेशची हद्द आणि मध्ये सगळी धानाची शेती. इथलं एक किराणा दुकान आणि त्याच मालकाची तुमसरकडची राईस मिल, या दोन्हींचा संगणकाचा कारभार मी 2005 पासून बघतो आहे. मधल्या काळात एका दुकानाची चार दुकानं झाली, गिरणीत दाणे निवडणारं सॉर्टेक्स यंत्र आलं, स्वतःच्या नावाचा तांदूळ थैल्यांत भरून जायला लागला. व्हिजिटिंग कार्डावर आता ‘आयटी प्रमुख’ छापलंय. हमाल अजून ‘कंप्युटरवाले भाऊ’च म्हणतात.

आमच्याकडे संगणक हौसेनं आला नाही. 1 एप्रिल 2005 ला महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळवायची तर प्रत्येक बिल नोंदवणं भाग होतं, आणि कर सल्लागारांनी मालकांना, म्हणजे शेठना, सरळ सांगितलं की वहीवर हे जमायचं नाही. टॅली आली. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे संगणकापेक्षा इन्व्हर्टरच्या बॅटरीचीच काळजी जास्त. वह्या लिहिणाऱ्या दिवाणजींनी रोजमेळ बंद केला नाही. संध्याकाळी दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवले की बहुतेक वेळा वहीच खरी निघायची, कारण संगणकावर बसणारा आमचा पोरगा कालची बिलं आज टाइप करत असे.

दुकानाचं काम तरीही लवकर मार्गी लागलं. साबणाची पेटी आली, वड्या सुट्या करून विकल्या, उरल्या तेवढ्या फळीवर. अडचण होती उधारीची. खाणीतल्या कामगारांचा पगार झाला की खाती मिटायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चढायची. एकाच आडनावाची आणि एकाच नावाची इतकी माणसं या पट्ट्यात आहेत की यादीत बापाचं नाव आणि मोहल्ला घातल्याशिवाय कुणाची बाकी कुणाच्या नावावर पडेल याचा नेम नव्हता. पुढे मोबाइल नंबर आला आणि तो प्रश्न बराचसा संपला.

खरा घाम काढला तो गिरणीनं. दुकानात जे येतं तेच जातं. गिरणीत धान येतं आणि तांदूळ, कनकी, कोंडा, भुसा असं चार वाटांनी बाहेर पडतं. सरकारी भरडाईत साध्या तांदळाचा हिशेब क्विंटलमागे 67 किलो असा ठरलेला असतो, खासगी मालात जात आणि ओल पाहून उतारा बदलतो. तयार मिळालेल्या सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्यांनी ते विकलं त्यांनी कधी धानाचा कट्टा उचलून पाहिला नसावा, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

पहिल्याच हंगामानंतर संगणकानं गोदामात मोठी तूट दाखवली. शेठचा चेहरा बदलला, रात्रपाळीच्या चौकीदारावर नजरा गेल्या. दिवाणजी शांतपणे म्हणाले, ‘धान वाळते जी. चोरी कायची?’ मग आम्ही कागद घेऊन बसलो. सरकारी खरेदीत धानाला 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. असं 100 क्विंटल धान गोदामात पडून 14 टक्क्यांवर आलं, तर आतला कोरडा भाग तोच 83 क्विंटल राहतो आणि एकूण वजन भरतं साधारण साडेशहाण्णव. म्हणजे एक दाणाही बाहेर न जाता साडेतीन क्विंटल गेले. दिवाणजींना हे बोटांवर माहीत होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर काट्यावर वजनाबरोबर ओलाव्याचा आकडाही पावतीवर घ्यायला लागलो, आणि तुटीचे दोन रकाने केले: वाळण्याची वेगळी, बाकी वेगळी. बाकीच्या रकान्यात कधी काही सापडतही असे, नाही असं नाही. पण संशय योग्य जागी गेला. माझ्या मते इतक्या वर्षांत आम्ही केलेलं सगळ्यांत मोलाचं काम हेच, आणि त्याला नवं यंत्र लागलं नाही.

नोटाबंदीनंतर दुकानात क्यूआर कोड आले; रेंज मात्र सावकाश आली, तोवर गिऱ्हाईक मोबाइल हातात धरून रस्त्यावर उभं. 1 जुलै 2017 च्या जीएसटीनं आम्हाला महिनाभर झोपू दिलं नाही. हद्दीवरच्या गावाला त्याचा जाच अंमळ जास्तच. कटंगीकडचा छोटा दुकानदार आमच्याकडून ठोक माल उचलतो. त्याचा जीएसटी नंबर 23 नं सुरू होतो, आमचा 27 नं. माल पलीकडे जाणार असेल तर आयजीएसटी, इथेच राहणार असेल तर केंद्राचा आणि राज्याचा असा दोन तुकड्यांत कर. 1 एप्रिल 2018 पासून पन्नास हजारांवरच्या करपात्र मालाला हद्द ओलांडताना ई-वे बिल आलं. मालाच्या यादीतही हद्द शिरली: भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, बालाघाटच्या चिन्नोरलाही आहे, आणि बिलावर नुसतं ‘चिन्नोर’ लिहिलं की भाव कुठला लावायचा यावरून काउंटरवर भांडण. दोन वेगळे कोड केले तेव्हा कुठे थांबलं.

18 जुलै 2022 ची गंमत सांगितलीच पाहिजे. त्या दिवसापासून तांदळाच्या 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद थैलीवर 5 टक्के कर आला, ब्रँड नोंदलेला असो वा नसो. त्याहून मोठ्या थैलीला माफी. लगेच बाजारात 26 किलोच्या थैल्या दिसू लागल्या. शेठनीही त्या मागवल्या. मी थैलीच्या वजनाप्रमाणे कर आपोआप लागेल अशी सोय बसवली. त्यासाठी आधी गिरणी आणि चारही दुकानांची मालाची यादी एक करावी लागली. ते काम आम्ही पाच वर्षं पुढे ढकलत आलो होतो. दिवाणजींचा पुतण्या आता ही यादी सांभाळतो, त्याच्या होकाराशिवाय नवं नाव चढत नाही.

यादी एक केल्याचा उपयोग 22 सप्टेंबर 2025 ला कळला. अंघोळीचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली. 2017 मध्ये ज्या कामात अख्खा जुलै गेला होता, ते या वेळी दुकानं उघडायच्या आत झालं. जुन्या छापील किमतीच्या मालावरून गिऱ्हाइकांशी वाद मात्र दिवाळीपर्यंत चालू राहिले.