संत आधी, प्रेम हजार वर्षांनी

फेब्रुवारी उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत व्हॅलेंटाईनची एक गोष्ट हमखास छापून येते. रोमचा सम्राट दुसरा क्लॉडियस याने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली, एका पाद्र्याने ती लग्नं चोरून लावली, आणि मरणाआधी तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला ‘तुझा व्हॅलेंटाईन’ अशी सही करून चिठ्ठी धाडली. गोष्ट मनाला भिडते, पण तिला पुरावा नाही. क्लॉडियसने (राज्यकाल २६८ ते २७०) अशी बंदी घातल्याचा दाखला नाही. तेराव्या शतकात याकोबुस द वोराजिने याने संतचरित्रांचा मोठा संग्रह केला. त्यातल्या व्हॅलेंटाईनच्या चरित्रात एका आंधळ्या मुलीला दृष्टी मिळते आणि संताचा शिरच्छेद होतो. लग्नं नाहीत, चिठ्ठीही नाही. पक्कं म्हणावं असं हाती उरतं ते थोडंच. रोमहून उत्तरेला जाणाऱ्या फ्लामिनिया रस्त्यावर या नावाच्या हुतात्म्याची दफनभूमी होती आणि चौथ्या शतकात तिथे चर्च उभं राहिलं. परंपरा एक रोमचा पाद्री सांगते, दुसरा तेर्नीचा बिशप. दोघांचा दिवस १४ फेब्रुवारी. कदाचित माणूस एकच असेल. माहिती इतकी तुटपुंजी की १९६९ साली कॅथलिक चर्चने हा सण आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला. हुतात्म्यांच्या यादीत नाव मात्र आजही आहे.

मग प्रेम आलं कुठून? यावर ठरलेलं उत्तर मिळतं, लुपरकालिया. रोमन लोकांचा हा सण १५ फेब्रुवारीला असे. बकरे बळी देत, तरुणांच्या कपाळाला रक्त लावून ते दुधात भिजवलेल्या लोकरीने पुसत, आणि कातड्याच्या वाद्या हातात घेऊन ते तरुण उघड्या अंगाने धावत सुटत. त्या वादीचा फटका बसला की मूल होतं, या श्रद्धेने बायका पुढे येत. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलाशियसने या सणावर कडक टीका केली, हे खरं. पण त्याऐवजी व्हॅलेंटाईनचा प्रेमदिन दिला, असं तो कुठेही म्हणत नाही. मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या काढण्याची रोमन चाल तर अठराव्या शतकातल्या इंग्लिश लेखकांनी मागे चिकटवलेली. शिवाय मधली जवळजवळ नऊशे वर्षं या दिवसाला प्रेमाचा गंधही नाही. तारखा शेजारी आल्या म्हणून नातं जुळत नाही.

नातं जुळलं ते इंग्लंडात, १३८० च्या आसपास. जेफ्री चॉसरने पक्ष्यांच्या सभेवर एक दीर्घ काव्य लिहिलं. त्यात संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी सारे पक्षी जोडीदार निवडायला जमतात. त्याच्याच काळातल्या आणखी एकदोन कवींनी ही कल्पना उचलली. शंभर वर्षांच्या आत ती घराघरांत पोचली होती. १४७७ सालचा नॉरफकमधला पत्रव्यवहार पाहावा. मार्जरी ब्रूज जॉन पॅस्टनला ‘व्हॅलेंटाईन’ म्हणते, त्याच्यासाठी देवाची करुणा भाकते, आणि त्याच पत्रात सांगते की आईने पुष्कळ गळ घातली तरी वडील हुंडा वाढवायला तयार नाहीत. तिच्या आईनेही जॉनला बोलावताना लिहिलं होतं, की येत्या शुक्रवारी व्हॅलेंटाईनचा दिवस, त्या दिवशी प्रत्येक पाखरू आपला जोडीदार निवडतं. दोघांचं लग्न पुढे झालं.

यावर कोणी म्हणेल, की मग हा दिवस नावापुरताच ख्रिस्ती. मला हे पटत नाही. आपल्याकडे पेरणी मृगाची, व्यवहार अक्षय्य तृतीयेचा, तसं त्या समाजात पत्रावरची तारीखही संताच्या सणावरून पडे. चर्चची दिनदर्शिका हाच काळ मोजायचा मार्ग होता. कवीला हिवाळा सरून पाखरं बोलू लागण्याचे दिवस सांगायचे होते, आणि त्या दिवसांना आधीच एका हुतात्म्याचं नाव होतं. (तेव्हाची १४ फेब्रुवारी आजच्या हिशेबाने २२ च्या सुमारास पडते, हेही ध्यानात घ्यावं.) संताने प्रेमाला आशीर्वाद दिला नव्हता, त्याच्या स्मरणासाठी राखलेल्या दिवशी लोकांनी प्रेमाला जागा करून दिली. हे मूळ ख्रिस्तीच, फक्त ते कोठडीत सापडत नाही, पंचांगात सापडतं.

आणि चॉसरच्या सभेत प्रत्यक्षात घडतं काय? तीन नर गरुड एकाच मादीला मागणी घालतात. बाकीची पाखरं वाद घालून दमतात. शेवटी सृष्टीदेवी निर्णय त्या मादीवरच सोपवते, आणि ती विचार करायला एक वर्षाची मुदत मागून घेते. देवी ती देते.