टाकाऊ यंत्राचा टिकाऊ नाद

वाद्याची योग्यता त्याच्या किंमतीवरून ठरवूं नये, हें आपल्या घरोघरच्या पेटीनें केव्हांच शिकविलें आहे. परदेशांतून आलेली ही पेटी स्वस्त व सोपी म्हणून आमच्या भिगवणसारख्या गांवच्या भजनांतही रुळली. तिच्यांत उणें एवढेंच कीं, स्वरावरून स्वरावर घसरत नेणारी मींड तिला साधत नाहीं. अशाच आक्षेपांवरून १९४० सालीं नभोवाणीनें तिला मज्जाव केला. तो सुमारें तीन दशकें टिकला. लोकांनीं मात्र पेटी सोडली नाहीं.

हाच न्याय सिंथेसायझरास, म्हणजे विजेच्या आंदोलनांतून स्वर घडविणाऱ्या वाद्यास, लागू पडतो. जपानच्या रोलँड कंपनीचें टीबी-३०३ हें तादाओ किकुमोतो यांनीं रचलेलें लहानसें यंत्र १९८१ सालीं बाजारांत आलें. एकट्या वादकास खर्जाची साथ मिळावी, एवढाच त्याचा हेतु होता. त्यांत एका वेळीं एकच स्वर निघतो व तो गाळणींतून जातो; खुंटी फिरवितांच तोच स्वर कधीं घुमतो, कधीं तीक्ष्ण होतो. घसरत्या स्वराची सोयही त्यांत आहे. परंतु खऱ्या गिटारीची सर त्यास येईना. १९८४ सालीं उत्पादन थांबलें आणि तें जुन्या बाजारांत मातीमोलानें विकलें जाऊं लागलें.

तत्पूर्वीं, १९८२ सालीं, मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं हें यंत्र आणि त्याच कंपनीचीं आणखी दोन वाद्यें घेऊन भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. त्या तबकडीचें फारसें कौतुक झालें नाहीं. १९८७ सालीं शिकागोच्या ‘फ्यूचर’ या मंडळींनीं त्याच यंत्राच्या खुंट्या मनसोक्त फिरविल्या आणि ‘अॅसिड हाउस’ नांवाचें नृत्यसंगीत गाजूं लागलें. २०१० सालीं सिंगांची तबकडी पुनः निघाली, तेव्हां पाश्चात्य रसिक चकित झाले: असाच नाद मुंबईंत पांच वर्षें आधींच घुमला होता! सिंग २०१५ सालीं निवर्तले; तत्पूर्वीं हा मान त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला.

आज मूळ यंत्राचें मोल लाखांच्या घरांत गेलें आहे. २०१९ सालीं बेहरिंगर कंपनीनें काढलेली टीडी-३ ही त्याची स्वस्त प्रतिकृतिही लोक आवडीनें घेतात. खुंटीखालीं स्वर तत्काळ पालटतो, हेंच त्या आवडीचें मर्म होय. तेव्हां घरांतील एखादा मुलगा असलें यंत्र मागूं लागला, तर वडील मंडळींनीं नाक मुरडण्यापूर्वीं त्याचें वादन घटकाभर ऐकावें, असें आम्हांस वाटतें. कान तयार असेल, तर स्वस्त वाद्यही विद्या देतें.