भट्टीच्या राखेतले विष कसे जखडतात?

मुंब्रा, दिवा, शीळ या पट्ट्यात भंगार आणि धातुकामावर अनेक घरांची चूल पेटते. धातू गाळला की भट्टीत राख व कीट उरते. दिसायला ती साधी राख. पण जुन्या बॅटऱ्या गाळल्या असतील तर तिच्यात शिसे असते. पावसाच्या पाण्याबरोबर ते जमिनीत आणि खाडीत उतरते. कारागिराच्या कपड्यांवरून घरीही पोहोचते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

शिसे जाळून नष्ट होत नाही. म्हणून ते पाण्यात विरघळणार नाही अशा रूपात जखडावे लागते. त्यासाठी राखेत चुना, सिमेंट किंवा फॉस्फेट ठरावीक प्रमाणात मिसळतात. फॉस्फेटशी संयोग झालेले शिसे जवळजवळ विरघळत नाही. सिमेंट घट्ट होऊन राखेला कोंडून ठेवते. क्रोमियमचा विषारी प्रकार असेल तर आधी हिराकस घालून त्याचे रूप बदलतात, मग चुना घालतात.

हे काम गोदामात अंदाजाने करू नये. चुना फार झाला तर शिसे पुन्हा विरघळू लागते! म्हणून प्रयोगशाळेत नमुना सौम्य आम्लात सुमारे १८ तास घुसळून तपासतात. गाळलेल्या पाण्यात शिसे लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. शिवाय प्रक्रियेनंतरही धातू आतच असतो. म्हणून अशी राख भराव किंवा विटांसाठी न वापरता तळोज्यातील घातक कचऱ्याच्या केंद्रासारख्या सुरक्षित जागीच पुरावी लागते.

व्यापारीबंधूंनी एवढे जरूर करावे. प्रत्येक धातूची राख वेगळी, कोरडी व झाकून ठेवावी. जस्ताची राख आणि पितळेचे कीट यांत माल असतो. परवानाधारक कारखाने ते विकत घेतात. २०१६ च्या नियमांनुसार असा माल साधारणपणे ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्यावा लागतो. दिव्याचे डम्पिंग २०२३ साली बंद झाले; पण अशी राख कोणत्याही डम्पिंगवर टाकण्याची मुभा आधीही नव्हती. माल दिल्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. चौकशी झाली तर तीच धंदा वाचवतात.