'तांबडा' : धातूतून आलेला रंग

'तांबडा' हा मराठीतील रंगवाचक शब्द मुळात धातूशी जोडलेला आहे. संस्कृत 'ताम्र', प्राकृत 'तंब', मराठी 'तांबे' ही परंपरा उघड आहे. या 'तंब'ला अपभ्रंशात विपुल आढळणारा 'ड' हा स्वार्थिक प्रत्यय लागून 'तांबडा' सिद्ध झाला. 'तांबूस', 'तांबट' हे शब्द याच कुळातले. गव्हावरील 'तांबेरा' हा रोग दिसतो लोखंडाच्या गंजासारखा, पण त्याला नाव देताना मराठीने आठवण ठेवली ती तांब्याची. 'तांबोळी' मात्र या घरातला नव्हे. तो 'तांबूल'वरून आला.

'लाल' या शब्दाची वाट वेगळी. तो फारसीतून आला आणि तेथे त्याचा संबंध माणकाशी आहे. (लाडक्या मुलास म्हणतात तो 'लाल' संस्कृत 'लल्' धातूकडचा.) आज हे दोन शब्द पर्यायी मानले जातात, 'तांबडा भोपळा' आणि 'लाल भोपळा' दोन्ही चालतात. परंतु पहाटे 'तांबडे फुटते', 'लाल' फुटत नाही. संतापलेला माणूस 'लालबुंद' होतो, 'तांबडाबुंद' नव्हे. माती, पहाट, कोल्हापूरचा रस्सा, पुण्याची जोगेश्वरी येथे 'तांबडा'. बावटा आणि शाई येथे 'लाल'. जुन्या, घरगुती आणि मातीच्या वस्तूंपाशी पहिला शब्द टिकून आहे, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

ही वाटणी महाराष्ट्राबाहेरच्या मराठीत टिकणे कठीण असते. भिलाईतील वैशाली नगरासारख्या वस्तीत मराठी ही घरची भाषा. शाळा, बाजार व शेजार हिंदी-छत्तीसगढीचा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात 1854 पर्यंत असलेल्या या मुलखाशी मराठीचा संबंध जुना आहे; 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याने तेथे नवी वस्ती आणली. हिंदीतही 'तामडा' आहे, पण तो मुख्यतः एका ताम्रवर्णी रत्नाचे नाव म्हणून. 'लाल' दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळे बोलणाऱ्याला तोच सोयीचा. येथे 'तांबडा' मागे पडला तर एक रंगच्छटा तर जाईलच. 'तांबडे फुटणे' हा वाक्प्रयोगही मुलांना निराधार वाटू लागेल.

पोलादाच्या या गावी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वाजसनेयी संहितेच्या अठराव्या अध्यायातील धातूंच्या यादीत 'श्याम' आणि 'लोह' वेगवेगळे येतात. श्याम म्हणजे लोखंड. 'लोह' हा तांबूस धातू, बहुधा तांबेच. 'लोहित' म्हणजे तांबडा, हे नाते त्यात स्पष्ट दिसते. पुढे 'लोह' शब्दाने कोणत्याही धातूचा अर्थ घेतला ('पंचलोह' ही त्याची खूण), मग तो लोखंडापुरता उरला. मराठी 'लोखंड' हे 'लोहखंड'च. म्हणजे तांब्याने मराठीला तांबडा रंग दिला, आणि तांबड्या रंगावरून आलेले नाव अखेर काळ्या धातूला चिकटले. या अर्थांतराचे कारण खनिजाचा रंग होता, असे मात्र मानता येत नाही. मधली 'कोणताही धातू' ही पायरी त्याआड येते. तरीही भिलाईच्या भट्ट्यांना दीर्घकाळ खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहऱ्याचा हेमॅटाइट वरून करडा-काळपट दिसला, तरी घासल्यावर उमटणारी त्याची रेघ तांबडीच असते.