रशियातले जर्मन शेतकरी आणि त्यांचा लाल गहू



कल्याणसोना आणि सोनालिका हे गहू तुमच्या घरी, निदान वडिलांच्या हातून, नक्की पेरले गेले असतील. या बुटक्या वाणांचे बी मेक्सिकोकडचे, एवढे आपल्याला माहीत असते. त्याच्या मागे गेले की जपानचे नोरिन १० हे वाण लागते, आणि नोरिनच्या पूर्वजांत टर्की रेड नावाचा एक उंच, लाल दाण्याचा गहू आहे. बुटकेपणा त्याचा नव्हे, तो जपानी वाणाचा. पण हा टर्की रेड अमेरिकेत रुजवला तो रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी. रशियात जर्मन कुठून आले, असे तुम्ही विचाराल. तीच हकिगत सांगतो.

रशियाची राणी दुसरी कॅथरीन स्वतः जन्माने जर्मन. व्होल्गा नदीकाठची अफाट जमीन तिला वहिवाटीखाली आणायची होती. १७६३ साली तिने जाहीरनामा काढला : परदेशातून या, जमीन फुकट, तीस वर्षे करमाफी, आपापला धर्म पाळा, आणि तुमच्या मुलांना सैन्यात नेणार नाही. लढायांनी आणि गरिबीने पिचलेल्या जर्मन मुलखातून चार वर्षांत तीस हजारांच्या आसपास माणसे निघाली. त्यांत कारागीर पुष्कळ होते, नांगराला कधी हात न लावलेले. पुढे १७८९ पासून काळ्या समुद्राच्या उत्तरेकडे मेनोनाइट पंथाचे लोक आले. हे मात्र मुरलेले शेतकरी. शस्त्र हाती धरायचे नाही, हा त्यांचा धर्म.

तो मुलूख म्हणजे गवताचे रान. झाड दिसायचे नाही, मग सरपण कुठले? शेण आणि काड तुडवून, विटा पाडून, वाळवून त्या वर्षभर जाळायच्या. आपल्या आयाबायांना हे सांगायला नको. घरेही पुष्कळदा मातीच्या विटांची.

या मेनोनाइटांत योहान कॉर्निस (१७८९–१८४८) नावाचा माणूस होऊन गेला. मी स्वतः विस्तार कार्यात आहे म्हणून म्हणत नाही, पण त्याच्या कामाचा मला हेवा वाटतो. त्याने मेरिनो मेंढ्या वाढवल्या, गावोगाव झाडे लावून घेतली, आणि चार सालांची फेरपालट बसवली. त्यात एक साल रान मोकळे ठेवून पाळ्या घालत राहायचे, म्हणजे ओल मुरते आणि तण मरते. खरिपात रान मोकळे ठेवून, वखरून, रब्बीची ज्वारी घेणाऱ्याला यातले मर्म लगेच कळेल. कॉर्निस कडक होता. जो ऐकत नसे त्याच्यावर सक्ती करी. ते मला जमले नसते.

जमिनीचे मात्र दोन ठिकाणी दोन रिवाज. व्होल्गाकाठी जमीन गावाची, ठरावीक वर्षांनी घरातले पुरुष मोजून तिच्या नव्या वाटण्या पडत. मग बांध कोण घालणार, खत कोण टाकणार? मेनोनाइटांत उलट. पाऊणेदोनशे एकरांचे शेत फोडायचे नाही, ते एकाच वारसाकडे जाई. बाकीचे भाऊ भूमिहीन. त्यांच्यासाठी पुढे नव्या वसाहती घ्याव्या लागल्या. दोन्हींत सुख नव्हते.

कॅथरीनचे वचन कायमचे, असे ही मंडळी धरून चालली होती. १८७१ मध्ये सवलती काढून घेतल्या आणि १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. हजारो लोक अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनाकडे निघाले. त्याच साली कॅन्ससमध्ये रेल्वे कंपनीकडून जमिनी घेऊन मेनोनाइट उतरले. मुलांनी एकेक दाणा निवडून बियाण्याच्या पेट्या भरल्या, असे सांगतात. कहाणी गोड आहे, पण पेटीभर दाण्यांनी एक राज्य पेरले जात नाही. बेर्नहार्ड वार्केंटिन या त्यांच्यातल्याच गिरणीवाल्याने या गव्हाचा पुढे जोराने प्रसार केला. हा गहू थंडीआधी पेरायचा, बर्फाखाली तग धरतो आणि उन्हाळ्याची झळ लागण्याआधी पिकतो. आरंभी गिरण्या तो घेत नव्हत्या, दाणा दगडी जात्याला फार कठीण. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावर हाच कठीण दाणा पावासाठी नावाजला गेला.

जे मागे राहिले त्यांचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. व्होल्गाकाठच्या जर्मनांना १९२४ मध्ये स्वायत्त प्रजासत्ताक मिळाले होते. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चढाई केली आणि २८ ऑगस्टला हुकूम निघाला. दीडशेहून अधिक वर्षे तिथे राहिलेल्या या लोकांवर शत्रूला फितूर असल्याचा आरोप ठेवून जवळजवळ चार लाख माणसांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेले. दिवस सुगीचे होते. गोठ्यातली जनावरे तशीच सोडून जावे लागले. पुढे पुरुषांना आणि पुष्कळ बायकांनाही सक्तीच्या मजुरीवर धाडले, त्यांतले कितीतरी परतले नाहीत. १९६४ मध्ये सरकारने तो आरोप मागे घेतला, पण गावी परत जाऊ दिले नाही. ती बंदी १९७२ मध्ये उठली. तोवर त्यांच्या घरांत दुसरी कुटुंबे राहत होती, आणि ते प्रजासत्ताक पुन्हा कधी उभे राहिले नाही. १९८७ नंतर वीस लाखांहून अधिक माणसे, घरच्यांसह, जर्मनीत गेली. त्यांतल्या अनेकांची मुले तोवर रशियनच बोलत होती. पूर्वजांच्या देशात येऊन त्यांना जर्मन शिकायला वर्गात बसावे लागले.