मधमुंगी भित्तिचित्र (पापुन्या)

मधमुंगी भित्तिचित्र हे ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील पापुन्या या वसाहतीत शाळेच्या बाह्य भिंतीवर इ.स. १९७१ मध्ये रंगविण्यात आलेले सार्वजनिक चित्र होते. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकलेच्या आधुनिक चळवळीचा आरंभ या चित्रापासून मानला जातो. हे चित्र आता अस्तित्वात नाही.

पार्श्वभूमी

पापुन्या हे ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटर अंतरावर आहे. आदिवासींना गोऱ्या समाजात सामावून घेण्याच्या तत्कालीन शासकीय धोरणानुसार पिंटुपी, लुरिट्जा, वार्लपिरी, अरेर्न्ते आदी भाषिक गटांतील लोकांना येथे एकत्र वसविण्यात आले होते. वसाहत शासनाची असली, तरी ती जागा मुळात मधमुंगीच्या ‘ड्रीमिंग’ची आहे. पूर्वजांनी प्रवास करीत भूमी घडविल्याच्या कथा, त्यांची स्थळे आणि त्यांविषयीचे हक्क व कर्तव्ये या सर्वांना मिळून ड्रीमिंग म्हणतात. मधमुंगीच्या काही कामकरी मुंग्या आपल्या फुगलेल्या पोटात गोड रस साठवितात. जमीन खणून त्या मिळविणे हा वाळवंटी जीवनाचा परिचित भाग आहे.

निर्मिती

सिडनीहून आलेले कलाशिक्षक जेफ्री बार्डन यांनी वाळूत काढल्या जाणाऱ्या पारंपरिक आकृत्या चितारण्यास मुलांना प्रोत्साहन दिले. मात्र अशा आकृत्या कोणीही काढाव्यात, अशा नसतात. प्रत्येक कथेचे ठरावीक हक्कदार असतात. त्यामुळे काम प्रौढ पुरुषांच्या हाती गेले आणि हक्कदारांच्या संमतीनेच चित्र काढण्यात आले. कापा जाम्पिजिन्पा यांनी प्रमुख भूमिका बजावली. शाळेच्या आवाराची निगा राखणारे लाँग जॅक फिलिपस जाकामारा आणि बिली स्टॉकमन जापाल्जारी हेही सहभागी होते. आरंभी कापा यांनी मुंग्या युरोपीय पद्धतीने, हुबेहूब रेखाटल्या होत्या. बार्डन यांनी त्याविषयी विचारणा केल्यानंतर त्या पुसून त्यांच्या जागी परंपरेतील चिन्हे काढण्यात आली. हा बदल लहान वाटला तरी निर्णायक होता, कारण शासकीय इमारतीवर आता तेथील लोकांचीच दृश्यभाषा उमटली होती. एकात एक असलेली वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांतून स्थळे व पूर्वजांचा मार्ग सूचित होतो.

परिणाम आणि नाश

याच वर्षी कापा यांच्या ‘गुलगार्डी’ या चित्राला ॲलिस स्प्रिंग्ज येथील कलास्पर्धेत पारितोषिक मिळाले. इ.स. १९७२ मध्ये कलाकारांच्या मालकीची ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. चित्रे भिंतीवरून फळ्यांवर व पुढे कॅनव्हासवर आल्यामुळे ती दूरवर विकली जाऊ लागली. त्यातून नवा वादही उद्भवला. केवळ दीक्षित पुरुषांनी पाहावयाच्या विधींचे तपशील सर्वांसमोर येण्यास आक्षेप घेण्यात आला, आणि असे तपशील वगळण्याकडे किंवा ठिपक्यांखाली झाकण्याकडे कलाकारांचा कल वाढला.

मूळ भित्तिचित्र मात्र इ.स. १९७४ मध्ये शाळेच्या रंगकामात पुसले गेले. ज्या चित्रामुळे पापुन्याचे नाव पुढे जगभरातील कलासंग्रहालयांत पोहोचले, ते भिंतीवर अवघी तीन वर्षे टिकले. बार्डन यांच्याकडील छायाचित्रांवरून त्याचे स्वरूप ज्ञात आहे.