शेल्डन, कोसंबी आणि परळची प्रयोगशाळा

मार्च २०२३ मध्ये एका राजकीय विश्लेषकाने नेटफ्लिक्सला कायदेशीर नोटीस पाठवली. तक्रार होती ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातल्या पहिल्या भागाबद्दल. त्यात शेल्डन माधुरी दीक्षितच्या तुलनेत ऐश्वर्या रायला कमी लेखतो. राज कूथ्रापल्ली ऐश्वर्याची बाजू घेतो आणि त्या भरात माधुरीला कुष्ठरोगी वेश्या म्हणतो. लगेच प्रेक्षकांचा हशा ऐकू येतो. अमेरिकेत हा भाग सप्टेंबर २००८ मध्ये दाखवला गेला होता. तो काढून टाका, अशी नोटिशीतली मागणी होती.

नोटिशीची बातमी झाली आणि दोन तट पडले. एक म्हणाला, पात्राच्या तोंडचं वाक्य आहे, विनोद विनोदासारखा घ्या. दुसरा म्हणाला, आमच्या माधुरीबद्दल हे ऐकून घेणार नाही. भाग काढून टाकावा असं मला वाटत नाही. पण तो विनोद वाईट आहे, आणि त्याचं कारण माधुरीच्या अपमानापुरतं मर्यादित नाही. ‘कुष्ठरोगी’ हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला आहे. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून उभं आहे. आनंदवन ज्या राज्यात उभं राहिलं, तिथल्या माणसाला हा शब्द शिवी म्हणून ऐकवत नाही. शिवाय ज्या मुलीबद्दल हे बोललं जातं, तिने पार्ल्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला घेतलं होतं, सहा महिन्यांत सोडलं ही गोष्ट वेगळी. शास्त्रज्ञांवरच्या मालिकेच्या लेखकांना यातलं काहीच ठाऊक नसावं.

तरीही ही मालिका मुंबईत आवडीने पाहिली गेली. आधी झी कॅफेवर आणि मग नेटफ्लिक्सवर. २००७ ते २०१९ या काळात बारा पर्वं आणि २७९ भाग झाले. पॅसाडेनात राहणारे चार मित्र: सिद्धांतात बुडालेला शेल्डन, प्रयोग करणारा लेनर्ड, अभियंता हॉवर्ड आणि दिल्लीहून आलेला खगोलशास्त्रज्ञ राज. समोरच्या घरात उपाहारगृहात काम करणारी पेनी. रुइया, रुपारेल, व्हीजेटीआय किंवा माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेल्या पिढीला यात आपली वसतिगृहं आणि आपल्या प्रयोगशाळा दिसल्या. ठरलेली जागा, ठरलेल्या वाराचं ठरलेलं जेवण, कॉमिक्सवरून तासन्‌तास वाद. ज्यांना शाळेत ‘पुस्तकी किडा’ म्हणून चिडवलं गेलं, त्यांना वाटलं की आता आपणच नायक आहोत.

याच पिढीतल्या बऱ्याच जणांना ही मालिका मुळीच आवडत नाही, आणि त्यांचा आक्षेप मला जास्त विचार करण्यासारखा वाटतो. ते म्हणतात, इथे हशा विज्ञानातून येत नाही. चारचौघांत वागता न येणाऱ्या माणसाला बघून तो येतो. शेल्डन एखादी संज्ञा उच्चारतो, पेनी गोंधळून बघते, प्रेक्षक हसतात. संज्ञेचा अर्थ कळला नाही तरी चालतं, कारण विनोद तिच्यात नसतोच.

राजबद्दलची नाराजी आणखी जवळची. पहिली सहा पर्वं तो दारू घेतल्याशिवाय परक्या बाईशी बोलू शकत नाही. आईवडील पडद्यावरून रागावतात, आणि भारत म्हटलं की गाई, गर्दी आणि नोकरचाकर. कुणाल नय्यरने ही भूमिका मनापासून केली आहे. त्याचं अवघडलेपण खरं वाटतं, म्हणूनच त्याला मिळालेले विनोद जास्त खटकतात. अमेरिकी दूरचित्रवाणीवर इतका काळ, इतक्या ठळकपणे दिसलेला भारतीय शास्त्रज्ञ दुसरा नव्हता. तेवढ्यासाठी पुष्कळ जणांनी त्याला माफ केलं. मलाही तो आवडतो.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट मात्र नि:संशय सांगता येते. फळ्यावरची समीकरणं खरी असत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड साल्टझबर्ग ती तपासून देत. एमी या पात्राचं काम करणारी मायिम बियालिक स्वतः चेताविज्ञानातली डॉक्टरेट आहे. स्टीफन हॉकिंग आणि नोबेल मिळालेले जॉर्ज स्मूट स्वतःच्याच भूमिकेत येऊन गेले. २०१५ मध्ये मालिकेशी संबंधित मंडळींनी त्याच विद्यापीठात चाळीस लाख डॉलरचा शिष्यवृत्ती निधी उभा केला. विनोद कसाही असो, ज्या विषयावर पोट भरलं त्याचं ऋण त्यांनी फेडलं.

मग कमी कुठे पडलं? माझ्या मते, या माणसांचं काम मालिकेत फारसं दिसत नाही. त्यांचा विक्षिप्तपणा कामातून आलेला नाही, वरून चिकटवलेला आहे. हे कळायला पॅसाडेनाला जायला नको. कुलाब्यापर्यंत आणि परळपर्यंत गेलं तरी पुरे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मधला, गोव्यातला. होमी भाभांच्या, आज कुलाब्यात असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी १९४६ पासून १९६२ पर्यंत गणित केलं. राहायचे पुण्यात आणि कामाला यायचे डेक्कन क्वीनने. प्राचीन नाणी वापरात झिजतात, त्यांचं वजन घटतं, त्यावरून त्यांचा क्रम लावता येईल, असं त्यांना वाटलं. त्यासाठी हजारो आहत नाणी त्यांनी स्वतः तोलली आणि संख्याशास्त्राने तपासली. गणितातून नाण्यांकडे, नाण्यांतून इतिहासाकडे आणि इतिहासातून पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरच्या दगडी हत्यारांकडे ते गेले, ते असे.

खोडकरपणाही त्यांच्यात होता. १९३१ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध छापला आणि त्यातलं प्रमेय ‘बूर्बाकी’ नावाच्या गणितज्ञाच्या नावावर लावून दिलं. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. पुढे काही वर्षांनी फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांच्या एका गटाने हेच नाव घेतलं आणि ते जगप्रसिद्ध झालं. साठच्या दशकात कोसंबींनी काही निबंध ‘एस. डुक्रे’ या टोपणनावाने छापले. एवढ्या खोडीवर शेल्डनचं अख्खं पर्व निघालं असतं.

पण शेवट हसण्यासारखा नाही. १९५९ मध्ये रीमानच्या सिद्धांतकल्पनेची सिद्धता सापडल्याचा दावा त्यांनी केला, तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. दावा टिकला नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. १९६६ मध्ये ते गेले. हट्ट, बुद्धी, चूक आणि एकटेपण एकाच माणसात, आणि सगळ्याचं मूळ कामात. मालिकेत मला हेच हवं होतं.

जयंत नारळीकरही याच संस्थेत १९७२ ते १९८९ या काळात होते. ज्या सिद्धांताचं नाव मालिकेने घेतलं, ते नाव त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर दिलं होतं. त्या सिद्धांताला गुरुशिष्य दोघेही शेवटपर्यंत विरोध करत राहिले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ मधल्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी वाचली की खरा लेखक सापडतो.

परळला या. जीवाणुतज्ज्ञ वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, १० जानेवारी १८९७ या दिवशी. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्याची प्रयोगशाळा आली, आणि १९२५ पासून तिला त्याचं नाव आहे. पंजाबातल्या मुलकोवालला धनुर्वाताने १९ माणसं दगावली तेव्हा दोष त्याच्या लशीवर आला. निर्दोषत्व सिद्ध व्हायला १९०७ उजाडलं. याच संस्थेचे १९३२ पासूनचे संचालक साहिबसिंग सोखी. त्यांची पत्नी म्हणजे कथकला युरोपभर नेणाऱ्या नर्तकी मेनका. दिवसा प्लेगची लस आणि घरी घुंगरू. या संसारावर कुणी मालिका का लिहू नये?

इथल्या शास्त्रज्ञांवर पडद्यावर आलं ते ‘रॉकेट बॉइज’, २०२२ मध्ये. भाभा आणि साराभाई यांची गंभीर कथा. तिचंही कौतुक झालं. पण मेहदी रझा हे कल्पित पात्र भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांवर अन्याय करतं, असा आक्षेपही घेतला गेला. म्हणजे शास्त्रज्ञ पडद्यावर आला की मत दुभंगतंच, रडवून असो की हसवून.

मराठीला हसवायचं कसं हे शिकवायला नको. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी उभा केला, तेव्हा त्या गोंधळलेल्या माणसाला घराघरांतून माया मिळाली. त्याच्यावर हसताना कुणी त्याला हलकं मानलं नाही. तीच माया प्रयोगशाळेतल्या माणसाला मिळावी, असं मला फार वाटतं. नाणी तोलणारा गणितज्ञ, स्वतःला सुई टोचणारा जीवाणुतज्ज्ञ, नाव उलटं करून कथा पाठवणारा खगोलशास्त्रज्ञ ही पात्रं तयार आहेत. मागून ऐकू येणारं प्रेक्षकांचं हसू नसलं तरी चालेल. फळ्यावरचं गणित मात्र साल्टझबर्गच्या मालिकेसारखं खरं हवं, आणि ते तपासून द्यायला कुलाब्यापासून माटुंग्यापर्यंत हवी तेवढी माणसं आहेत.